दर पेशीला दोन रुपये

लातूर जिल्हा नवा झाला त्या वर्षी मी नांदेडच्या एका दैनिकाचा लातूरचा बातमीदार होतो. कार्यालय म्हणजे गंज बाजारातल्या एका आडत दुकानाच्या वरची खोली. टेबल, दोन खुर्च्या आणि दारावर पत्र्याची पाटी. टेलिफोन खाली आडत्याकडे होता आणि तो बाजारभावासाठी राखून ठेवलेला असे. बातम्या नांदेडला पाठवण्याचा मार्ग एकच होता. दुपारी अडीचच्या एसटीच्या कंडक्टरकडे पाकीट द्यायचं. गाडी अहमदपूर, लोहा करत संध्याकाळी नांदेडला पोचे आणि आमच्या कार्यालयाचा शिपाई स्टँडवर पाकीट उतरवून घेई. अडीचची गाडी चुकली की बातमी एक दिवसानं शिळी होई.

ज्या वाक्यामुळे पुढचं सगळं घडलं ते मी दोन वाजून दहा मिनिटांनी लिहिलं. बातमीतलं ते शेवटचं वाक्य होतं.

नव्या जिल्ह्याचं न्यायालय सुरू झालं तेव्हा उस्मानाबादहून मिसली, म्हणजे खटल्यांच्या फायली, ट्रकनं आल्या. लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे व्हरांड्यात भिंतीला लावून रचले होते. गावोगावचे पक्षकार तिथे येऊन आपली मिसल आली का विचारत आणि कारकून त्यांना पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगत. मिसल लातूरला आली पण वकील उस्मानाबादेतच राहिला, अशी माणसं पुष्कळ होती. त्यांना नवा वकील शोधायचा होता आणि नवी फी द्यायची होती.

अहमदपूर तालुक्यातल्या एका बाईचा वकील मात्र मिसलीबरोबर आला. तो मूळचा बिलोलीकडचा. त्याच्या वडिलांनी छप्पन्न साली धम्म घेतला होता. त्यांच्या वस्तीतला तो पहिला वकील. नांदेडला शिकून त्यानं अहमदपुरात वकिली सुरू केली आणि जिल्हा झाल्यावर लातूरला कोर्टामागच्या गल्लीत खोली घेतली. वय पस्तिशीचं. बोलणं मोजकं. काळा कोट कोपरावर विरलेला, पण इस्त्री रोजची.

बाईचं प्रकरण असं होतं. बहात्तरच्या दुष्काळात तिच्या घरची सगळी माणसं पाझर तलावाच्या कामावर होती. घरचं कोरडवाहू शेत होतं, पण त्यात दोन वर्षं काही उगवलं नव्हतं. ती खडी फोडत असताना आदल्या दिवशीचा न उडालेला सुरुंग शेजारी उडाला. तिचा उजवा हात मनगटापासून गेला. कामावर कायमचं अपंगत्व आलं तर मदत देण्याची तरतूद होती. काम काढणाऱ्या सरकारी खात्यानं ती नाकारली. डावा हात शाबूत आहे, सबब अपंगत्व कायमचं म्हणता येत नाही, असं उत्तर लेखी आलं. त्याआधी तिचा पहिला अर्ज कारकुनानं परत केला होता. बाईमाणसाचा उजवा अंगठा लागतो, डावा चालत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. उजवा कुठून आणू, असं तिनं विचारल्यावर त्यानं साहेबांना भेटायला सांगितलं. साहेब दौऱ्यावर होते.

तिनं दावा लावला. तालुक्याच्या कोर्टात ती हरली. अपील उस्मानाबादला गेलं, तिथे काही वर्षं पडून राहिलं आणि शेवटी जिल्ह्याबरोबर लातूरला आलं. तोवर हात जाऊन दहा वर्षं झाली होती. मदत मिळाली तर तिला गावात पिठाची गिरणी टाकायची होती. खुरपणीला दोन हात लागतात. गिरणीला एक पुरतो, असं तिनंच मला सांगितलं.

लातूरच्या पहिल्या पेशीला, म्हणजे सुनावणीच्या तारखेला, मी दोघांना व्हरांड्यात भेटलो. बाईला सुरुंगाचं विचारलं, वकिलाला कायद्याचे मुद्दे विचारले. फीचं दोघांनाही विचारलं नाही. मग खोलीवर येऊन बातमी लिहिली आणि घड्याळाकडे बघत शेवट केला: ‘या गरीब महिलेचे अपील वकील महोदय एक पैसाही न घेता लढवीत आहेत.’

हे वाक्य मी आधीही लिहिलं होतं. कधी वकिलाबद्दल, कधी डॉक्टराबद्दल, एकदा विहिरीत पडलेली म्हैस काढणाऱ्या पहिलवानाबद्दल. गरीब माणूस आणि शिकलेला माणूस एका बातमीत आले की शेवटी ते आपोआप येई. त्यानं कुणाचं नुकसान झालेलं मी पाहिलं नव्हतं.

बातमी छापून आल्यानंतर चौथ्या दिवशी बाई जिना चढून आली. पदर डोक्यावर, उजवा हात पदराखाली, डाव्या हातात घडी केलेला पेपर.

“पेपरवाले तुमीच ना?”

“हो. बसा, मावशी.”

“बसायला न्हाई आले. गाडी हाय मला.” तिनं पेपर टेबलावर ठेवला. “ह्यात काय लिव्हलंय ते वाचा. मोठ्यानं वाचा.”

मी वाचलं.

“ते शेवटचं पुन्यांदा.”

मी पुन्हा वाचलं.

“कोन सांगितलं तुमाला हे?”

“सांगितलं कुणी नाही. वकीलसाहेबांची स्तुती म्हणून—”

“करा की स्तुती. माझे पैसे कामून खाल्ले?”

मला लगेच कळलं नाही. ती टेबलावर डाव्या हाताचं बोट आपटत बोलत राहिली.

“दर पेशीला दोन रुपये ठिवलेत म्या त्यांच्या टेबलावर. उस्मानाबादची पेशी असली की भाकर बांधून जायचे, चहा न्हाई पिले, पर ते दोन रुपये मोडले न्हाईत. त्यांचा मुन्शी वहीत लिवतो, म्या अंगठा देते. आन् तुमी लिव्हता एक पैसा न्हाई घेतला! माझा दीर पारावर वाचून दाखवून राहिला समद्यांला. म्हनतो, वैनीनं वस्तीतल्या वकिलाकडून धर्माचं घेतलं. लई हासले लोक.”

“वकीलसाहेबांनी घ्यायला नको होते, असं कुणी म्हणालं का?”

“कोन म्हनंल? म्याच म्हनले होते सुरवातीला, साहेब, माझ्याकडं न्हाईत. ते म्हनले, अक्का, दोन रुपये ठेव. दोन ठेवले की मी तुझा वकील, न्हाई ठेवले की तू माझ्या दारात आलेली. मग म्या ठिवले.” तिनं पेपर उचलला. “आता नीट लिव्हा. दिलेत म्हनून लिव्हा.”

“संपादकांना कळवतो.”

“कळवा. म्या तुमाला कळवलंय, ध्यानात ठिवा.”

चहा आला होता. तिनं घेतला नाही.

त्याच दिवशी चार ओळींचा खुलासा मी पाकिटात घातला. तो छापला गेला नाही. शनिवारी नांदेडला गेलो तेव्हा संपादकांसमोर तो विषय काढला. ते जुन्या पद्धतीचे, शिस्तीचे गृहस्थ होते. मला बातमी लिहायला त्यांनीच शिकवलं होतं.

“बदनामी झाली की लोक खुलासा मागतात,” ते म्हणाले. “स्तुती झाल्याचा खुलासा आजवर कुणी मागितलाय?”

“बाईनं मागितलाय.”

“बाईची बदनामी झाली का? गरीब म्हटलंय, गरीब आहेच. वकिलाची झाली का? त्याचा तर सत्कार होईल. मग आपण कशाबद्दल दिलगीर आहोत ते तरी सांगा.”

“वाक्य खरं नाही.”

“तुम्ही विचारलं नव्हतं?”

“नाही.”

“मग पुढच्या वेळी विचारा,” असं म्हणून ते प्रुफाकडे वळले. मीही तो विषय सोडून दिला. परतीच्या गाडीत मला झोप लागली होती, हेही लिहायला हवं.

पुढच्या आठवड्यात वकिलाच्या खोलीवर गेलो. टेबलाच्या काचेखाली, कॅलेंडर आणि रेल्वेच्या वेळापत्रकाच्या मधे, माझ्या बातमीचं कात्रण ठेवलेलं होतं. मी काही बोलायच्या आत त्यानं त्यावर फाइल सरकवली.

“अक्का तुमच्याकडे येऊन गेली म्हणे.”

“येऊन गेली. तुम्ही लेखी पत्र दिलंत तर संपादकांना छापावं लागेल.”

“द्यायला पाहिजे,” तो म्हणाला. “तिनं मलाबी झापलंय. पण माझ्या मायनं सगळ्या वस्तीला दाखवलंय हो ते. बिलोलीहून दोन पत्रं आलीत. देतो, देतो पत्र.”

त्यानं पत्र दिलं नाही आणि मी पुन्हा मागितलं नाही.

सहा महिन्यांनी अपिलाचा निकाल लागला. न्यायाधीश नवीन आले होते आणि त्यांनी निकाल उभ्या उभ्या, हळू आवाजात वाचला. खात्यानं डाव्या हाताचा मुद्दा काढणं गैर आहे. खडी फोडणाऱ्या बाईचा एक हात गेला तर तिचं अपंगत्व कायमचंच आहे. पूर्ण मदत द्यावी. बाई बाकावर बसली होती. वकिलानं मागे वळून मान हलवली तेव्हा तिला कळलं.

मग खर्चाचा मुद्दा आला. दिवाणी कामात जिंकणाऱ्याला हरणाऱ्याकडून खर्च मिळू शकतो आणि त्या खर्चात वकिलाची फी धरली जाते. त्यासाठी किती फी मिळाली आणि किती ठरली, याचा दाखला वकिलाला मिसलीत लावावा लागतो. दाखला नसेल किंवा कोर्टाला तो पटला नाही, तर फीच्या रकान्यात आडवी रेघ मारतात. आमच्या वकिलानं दाखला लावला होता. दर पेशीला मिळालेले दोन रुपये आणि दोन्ही कोर्टांची ठरलेली, अजून यायची फी. खात्यानं ती फी दिली नसती तर ती बाईच्या मदतीतून गेली असती. हिशेब सरळ होता. मदतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला असता आणि उरलेल्या पैशात गिरणी बसत नव्हती.

सरकारी वकील उठले. ते खेळकर, गोष्टीवेल्हाळ गृहस्थ होते आणि त्यांचा कुणावर राग नसे. त्यांनी फायलीतून माझ्या बातमीचं कात्रण काढून न्यायाधीशांपुढे ठेवलं.

“फी घेतलीच नाही, असं सहा महिन्यांपूर्वी छापून आलंय. वकीलसाहेबांनी ते कधी नाकारलं नाही. मग हा दाखला कसला? वहीतले अंगठे नंतरही घेता येतात.”

न्यायाधीशांनी ती ओळ वाचली. मग आमच्या वकिलाकडे पाहिलं. “हे तुम्ही नाकारलं होतं का?”

“नाही.”

“का?”

“बरं वाटलं होतं,” तो म्हणाला.

कोर्टात कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी खर्चापुरतं म्हणणं ऐकायला आठ दिवसांची तारीख दिली.

बाहेर चहाच्या टपरीवर सरकारी वकिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “अहो, पुण्य तुमच्या नावावर छापून आलंय. मदत मिळाली, बाईचं भलं झालं. आता बिल कशाला लावता?”

“पुण्य तुम्ही ठेवा, साहेब. मला फीचा रकाना भरून पाहिजे.”

“तुम्ही बाईकडून थोडीच घेणार आहात उरलेली फी? सोडून द्याल.”

“सोडणार नाही.” मग त्यानं टपरीपलीकडे बोट केलं. कोर्टाच्या भिंतीला टेकून पाचसहा माणसं बसली होती. एकाच्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती, एकाजवळ कुबडी. “ती सगळी दुष्काळी कामांवरची. त्यांचे वकील उस्मानाबादला राहिले. या बाईच्या फीवर रेघ पडली, तर त्यांना कोण घेईल? माझ्यासारखा एखादा घेईल, अन् मग लोक म्हणतील, यांच्या वकिलाला पैसे द्यायचेच नसतात.”

सरकारी वकिलांनी चहाचे पैसे दिले, आमच्या वकिलानं ते परत केले आणि आपले दिले.

बाई मला म्हणाली, “म्या कळवलं होतं.”

मी हो म्हणालो.

संध्याकाळी मी वकिलाच्या खोलीवर गेलो. त्यानं काच उचलून कात्रण काढलं होतं. काचेखालच्या कागदावर चौकोनी पिवळी खूण राहिली होती. मी शपथपत्र देतो म्हणालो. त्यानं विचारलं, पेपरची परवानगी आहे का. मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशीच्या पाकिटात मी संपादकांना कळवलं आणि त्याच्या पुढच्या दिवशी परतीच्या गाडीनं चिठ्ठी आली. संपादकांचं अक्षर नेहमीसारखं सुबक होतं. ‘बातमीदाराने साक्षीदार होऊ नये. एकदा पिंजऱ्यात उभे राहिलात की प्रत्येक वकील तुम्हाला बोलावील. आपण उभे राहिल्यास लातूरची व्यवस्था बदलावी लागेल.’ त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. आजही मला तो चुकीचा वाटत नाही. चिठ्ठी खिशात घालून मी शपथपत्रावर सही केली.

तारखेला सरकारी वकिलांनी मला पिंजऱ्यात बोलावलं. त्यांनी कात्रण माझ्यासमोर धरलं.

“हे वाक्य तुमचं?”

“माझं.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी नाही.”

“मग आलं कुठून?”

“सवयीनं.”

“म्हणजे न विचारता छापलं?”

“न विचारता लिहिलं. अडीचची गाडी होती.”

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी मान वर केली आणि हसू थांबलं.

“ठीक. म्हणजे तुमची बातमी खोटी?”

“हे एक वाक्य खोटं. बाकीची बातमी खरी आहे.”

“ते आम्ही कसं ठरवायचं? आज तुम्ही वकीलसाहेबांच्या सांगण्यावरून फिरताय, असं मी म्हटलं तर?”

“वाक्य चूक असल्याचं मला छापल्यावर चौथ्या दिवशी कळलं. बाईंनी माझ्या कार्यालयात येऊन सांगितलं. तेव्हा निकाल लागलेला नव्हता आणि खर्चाचा मुद्दाही निघाला नव्हता. त्याच दिवशी मी खुलासा लिहून पाठवला. त्याची माझ्याकडची प्रत शपथपत्राला जोडली आहे.”

“आणि खुलासा छापला कधी?”

“छापला नाही.”

“तुम्ही पुन्हा मागणी केली?”

“एकदा. मग सोडून दिली.”

सरकारी वकील थांबले. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं आणि नको तेही मिळालं होतं. त्यांनी कात्रणाची घडी केली.

न्यायाधीशांनी मुन्शीची वही मागवली. साध्या रेघांची, जाड पुठ्ठ्याची वही. त्यांनी एकेक पान उलटून पाहिलं. दर पेशीची नोंद होती, शेजारी जांभळा अंगठा आणि प्रत्येक अंगठ्याखाली मुन्शीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘उजवा हात नसल्यामुळे डावा’. अहमदपूरच्या पेश्या, उस्मानाबादच्या पेश्या, लातूरच्या पेश्या. शाई बदलली होती, वही तीच होती. मुन्शी दाराशी उभा होता. न्यायाधीशांनी त्याला विचारलं, हे दर वेळी लिहायची काय गरज होती?

“साहेब, पहिल्यांदा तिचा अर्ज डाव्या अंगठ्यावरून वापस आला होता,” मुन्शी म्हणाला. “मग मी कारण लिहायची आदत लावून घेतली. वापस नको यायला.”

न्यायाधीशांनी बाईला काही सांगायचं आहे का विचारलं. तिला पिंजऱ्यात जायला सांगितलं नाही, पण ती गेली.

“म्या फुकट न्हाई लढले, साहेब,” ती म्हणाली. “खात्याला माझा हात दिसला न्हाई. आता माझे दोन रुपये बी दिसंनात. आनखी काय काय दाखवू?”

सरकारी वकील उठले नाहीत.

न्यायाधीशांनी लगेच हुकूम दिला. दाखल्याप्रमाणे दोन्ही कोर्टांची फी खर्चात धरावी, खर्च खात्यानं द्यावा. हुकमात बातमीबद्दल एक वाक्य होतं: वृत्तपत्रातील मजकूर हा पुरावा नव्हे, विशेषतः तो लिहिणाऱ्यालाच मान्य नसेल तेव्हा. ते मी उतरवून घेतलं.

पावणेदोन वाजले होते. मी खोलीवर येऊन बातमी लिहायला बसलो. बातम्या कापताना उपसंपादक शेवटाकडून कापतात, हे मला त्याच संपादकांनी शिकवलं होतं. जागा कमी पडली की शेवटचा परिच्छेद जातो, मग त्याच्या आधीचा. माझं खोटं वाक्य शेवटी होतं आणि तरी ते वाचलं, कारण त्या दिवशी जागा होती. या वेळी मी पहिलंच वाक्य असं लिहिलं की ते काढलं तर बातमीच उरू नये: ‘दर पेशीला दोन रुपये फी देऊन दहा वर्षे लढलेल्या महिलेला आणि ती फी घेऊन लढलेल्या वकिलांना खात्याने खर्च द्यावा, असा हुकूम झाला असून या वकिलांनी फी घेतली नसल्याचे आमचे पूर्वीचे वृत्त चुकीचे होते.’ वाक्य लांब होतं, आणि ते मला कळत होतं. कंडक्टरला पाकीट दिलं तेव्हा गाडी सुरू झाली होती.

बातमी दुसऱ्या दिवशी चौथ्या पानावर आली. एक शब्दही बदललेला नव्हता. पुढच्या महिन्यात मला नांदेडला परत बोलावलं आणि तालुक्यांच्या टपालावर बसवलं. बिलोली, देगलूरहून येणारी पाकिटं फोडायची, बातम्या सारख्या करायच्या आणि शेवटाकडून कापायच्या. संपादक माझ्याशी पूर्वीसारखंच बोलत. ‘एक पैसाही न घेता’ हे वाक्य आठवड्याला दोनतीनदा तरी येई. मी ते काढत नसे. बातमीदाराला पोस्टकार्ड टाकत असे: फी किती घेतली, ते विचारून कळवा. बिलोलीच्या बातमीदारानं एकदा उलट कार्ड टाकलं की असं विचारणं त्याला बरं वाटत नाही. मी त्याला लिहिलं, मलाही वाटलं नव्हतं, विचारा.

खात्यानं पैसे द्यायला आणखी सात महिने लावले. त्यानंतर एकदा कामानं लातूरला गेलो असताना मी वकिलाच्या खोलीवर थांबलो. काचेखाली आता फक्त कॅलेंडर आणि वेळापत्रक होतं. दाराजवळच्या बाकावर बाई बसली होती. गिरणी सुरू होऊन महिना झाला होता आणि ती तिचा पट्टा बदलून घ्यायला लातूरला आली होती. नवा पट्टा गुंडाळून मांडीवर ठेवलेला होता.

टेबलासमोर डोळ्यावर पट्टी असलेला तो म्हातारा माणूस उभा होता, कोर्टाच्या भिंतीशी मी ज्याला पाहिलं होतं तोच. त्याचं अपील अजून चालू होतं. आधीच्या वकिलाचे कागद त्यानं फडक्यातून काढून टेबलावर ठेवले.

“साहेब,” तो म्हणाला, “माझ्याकडं काईच न्हाई बगा. तुमी गरिबांचं फुकटात करता म्हनून ऐकलं—”

वकिलानं कागद हातात घेतले, पण उघडले नाहीत. “कुणी सांगितलं?”

“पेपरात आलं होतं म्हनं.”

वकिलानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी खिडकीतून बाहेर पाहिलं.

“दर पेशीला दोन रुपये, काका,” तो म्हणाला. “बाकी ठरवू, ती खात्याकडून काढू.”

म्हाताऱ्यानं खिसे चाचपले. बाकावरून आवाज आला.

“ठिव की. म्या बी ठिवले.”

त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या पदराखालच्या हाताकडे. मग धोतराच्या सोग्याची गाठ सोडून दोन रुपयांची नोट काढली आणि टेबलावर ठेवली. मुन्शीनं वही पुढे ओढली, नवं पान काढलं आणि त्याला विचारलं, “डावा देता का उजवा?”

“दोनी हायेत,” म्हातारा म्हणाला. “तुमी सांगाल तो देतो.”